खाडीत मासा लागतो, पण दरवेळी सुटतो: तुटलेलं टोक आधी वाचा

तक्रार एका दमात सांगतो. नाशिकच्या सातपूरहून निघायचं, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर करत साधारण दीडशे किलोमीटर गाडी हाणायची आणि वैतरणेच्या खाडीवर कोळंबी लावून गळ टाकायचा. दणका बसतो, रॉडची कमान होते, रीळ एकदा किंचाळतं आणि दहा सेकंदांच्या आत सगळं ढिलं. दोरी वाऱ्यावर. मासा दिसलासुद्धा नाही. दोन हंगामांत आम्हा चौघांचं हे अकरा वेळा झालं, आणि अकराही वेळा परतीच्या वाटेवर गाडीत एकच वाक्य: "फार मोठा होता रे."

मोठा होताच असं नाही, हे आता कळलंय.

आमचा हात बसलाय तो गंगापूर आणि दारणा धरणांच्या पाण्यावर. रोहू, कटला, आणि जीव अडकलेला मरळीत. मरळीला गवतातून उचकटून काढावं लागतं: ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोरी किती ताणाला सुटेल ते ठरवणारा रिळाचा ब्रेक) पार आवळायचा, लागली की जोरात झटका द्यायचा आणि श्वास न घेता ओढायचं. हीच सवय घेऊन आम्ही खाडीवर गेलो. ज्याला विचारलं त्याने सांगितलं, दोरी जाड घ्या. २० पौंडांची होती, ३० घेतली, मग ५०. सुटायचं काही थांबलं नाही. फक्त पैसे जास्त गेले.

टोक फेकू नका

उलगडा केला माझ्या मेहुण्याने. तो येवल्याचा. संक्रांतीला ज्या गावात सगळं घर गच्चीवर असतं तिथला, हातात आसारी (पतंगाच्या मांज्याची फिरकी) घेऊनच मोठा झालेला. एकदा बरोबर आला, आमची तुटलेली दोरी बोटांत फिरवली आणि म्हणाला, "दाजी, ही तुटली नाही, कापली गेलीये. ताणून तुटलेला मांजा असा दिसत नाही." त्याच संध्याकाळी धक्क्यावरच्या एका कोळी काकांनीही तेच सांगितलं, फक्त कापणाऱ्याचं नावही सांगितलं.

मी कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. नापास झालेला भाग फेकायचा नाही, आधी का मोडला ते बघायचं, हे रोजचंच. तरी दोन वर्षं तुटलेली टोकं मी स्वतः दाताने तोडून खाडीत टाकत होतो (तेही चूकच, दोरीचे तुकडे पाण्यात टाकू नयेत). आता प्रत्येक टोक वहीत चिकटपट्टीने लावतो, शेजारी तिथी आणि जागा. पंधरा-वीस टोकं जमली की चित्र दिसायला लागतं.

टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर दोष गाठीचा. मासा बिचारा निर्दोष. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, फार निसरडी असते. साध्या तंगूसाला मारतो ती गाठ तिच्यावर हळूहळू सरकते आणि सुटते. आमच्या अकरापैकी किमान तीन अशी गेली असावीत. गळ बांधायला पालोमार किंवा जास्त वेढ्यांची युनी, आणि ब्रेडला लीडर, म्हणजे गळाआधीचा जाड तंगूसाचा तुकडा, जोडायला एफजी गाठ. एफजी शिकायला मला दोन रविवार लागले. आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा, कोरडी आवळली की घासून गरम होते आणि तिथेच कमजोर पडते. घरी तपासायची असेल तर दहा लिटरची भरलेली बादली गॅलरीच्या कठड्याला टांगून बघा. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. चांगली गाठ बादली सहज पेलते. ब्रेड उघड्या हाताला गुंडाळून ताण देऊ नका, ती सुरीसारखी बोटात शिरते.

दोरी शाबूत आली पण गळ सरळ झालेला, तर गळ पातळ होता किंवा ड्रॅग फार आवळलेला होता. मरळीच्या लूरला (नकली आमिषाला) येतात ते तीन तोंडी गळ खाडीसाठी नाहीत. ते बदलून जाड तारेचे लावा, सोबत स्प्लिट रिंगही (गळ लूरला अडकवणारी कडी) जाड घ्या; नुसता गळ बदलला तर पुढच्या वेळी रिंग उघडते. आणि मागच्या फेरीचा गंजका गळ पुन्हा वापरायचा मोह होतो, तो टाळा.

उरलं कापलेलं आणि घासलेलं टोक. इथे मासा ओळखावा लागतो.

तो होता कोण?

खाडीच्या तोंडाशी किनाऱ्यावरून गरवताना एवढ्या ताकदीचे उमेदवार दोनच: जिताडा आणि तांब. बाकीच्यांची हजेरी पटकन घेतो. कोकर उघड्या पाण्यात सरळ लांब पळतो, उडी मारत नाही; शेपटीच्या देठावर दोन्ही बाजूंनी खडबडीत कडक खवल्यांची रांग असते. रावस वेगाने पळतो, आणि छातीच्या पराखाली मोकळे तंतू दिसले की ओळख पटली. शिंगाळा जड डोक्याने ठोके देत राहतो. पाकट तळाला चिकटून बसते, जणू गळ दगडात अडकलाय, आणि मग दगड चालायला लागतो. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी. टोचलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा आणि दवाखाना गाठा.

आता जिताडा. गोव्यात चोणक, बंगालमध्ये भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी, मासा तोच. चांदीसारखं अंग, पाठ हिरवट-करडी, कपाळ डोळ्याच्या वर किंचित खोलगट, खालचा जबडा पुढे आलेला, शेपूट गोलसर. रात्री बॅटरीच्या उजेडात डोळा निखाऱ्यासारखा लाल चमकतो. खाताना तो चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो. पृष्ठभागाजवळ असला तर "टप्" असा पोकळ आवाज येतो. गळ लागला की बहुतेक वेळा पाण्याबाहेर येतो, तोंड आ वासून डोकं झटकतो. त्याला लांब दात नाहीत. जबड्यावर बारीक दातांचे पट्टे असतात, हात फिरवला तर सँडपेपर. त्यामुळे गळाच्या वरचा वीतभर लीडर पांढरट आणि खरखरीत होतो. गालफडाची कड मात्र पात्यासारखी धारदार, तिने दोरी साफ कापली जाते. म्हणून कापलेलं टोक आणि त्याच्या वर वीतभर खरखरीतपणा दिसला तर जिताडा समजा. हातात आला तर कल्ल्यात बोटं घालू नका. माझ्या तर्जनीला चार टाके आहेत.

तांबचं वागणं वेगळं. एकच धक्का, उडी नाही, आणि थेट आपल्या बिळाकडे: धक्क्याचा खांब, कालवं लगडलेला खडप, तिवराची मुळं. तीन सेकंदांत निकाल. त्याला पुढे कुत्र्यासारखे सुळे असतात. टोकाशी साफ काप, जवळच एखादी खाच, आणि बाकीचा लीडर गुळगुळीत: हे सुळ्यांचं काम. रंग तांबूस-तपकिरी, म्हणूनच नाव. लहान तांबच्या अंगावर फिकट उभे पट्टे आणि डोळ्याखाली निळी रेघ असते. खाडीत आपल्याला भेटतात ते बहुतेक तरणे. मोठे झाले की ते खोल पाण्यातल्या खडकांकडे जातात. दोन किलोचा तांब हातातून रॉड ओढून नेतो की काय असं वाटतं. "फार मोठा होता रे" यातले अर्धे तरी तो असावा.

तिसरी खूण कालवांची. खरखरीतपणा गळापासून लांब, कधी थेट ब्रेडवर, मध्ये मध्ये तुटक ओरखडे. मासा कुठलाही असो, त्याने तुमची दोरी खडपावर घासली. इथे दोरीपेक्षा तुमची उभं राहण्याची जागा बदलायला हवी, ते पुढे.

लीडर मी ५० पौंडांचा वापरतो, धक्क्याजवळ ६०, लांबी हातभर ते दीड हात. तारेचा लीडर लावा असं बरेच जण सांगतात. मला पटत नाही. तार वळली की तिथेच तुटते, कोळंबी तारेवर जिवंत वाटत नाही, आणि घास येणंच कमी होतं. जाड तंगूस घ्या, दर मासा झाला की बोटाने चाचपा, खरखर लागली तर तेवढा कापून नवा बांधा. या कामाचा आळस आम्हाला दोनदा महागात पडलाय.

खरा चोर रिळात होता

एवढं करूनही टोकांचा एक प्रकार वहीत राहत होता: वळलेलं नाही, कापलेलं नाही, नुसतं फाटल्यासारखं पिंजलेलं. म्हणजे दोरी खरोखर ताणाने तुटली. २० पौंडांची, नऊ किलो पेलणारी दोरी खाडीतल्या माशाने सरळ तोडावी? पटेना. शेवटी रीळ घेऊन बसलो.

सामान मोजायचा काटा घरात होता. दोरी काट्याच्या आकड्याला बांधली, रॉड मासा लागल्यासारखा उंच धरला आणि मुलाला काटा धरून मागे सरकायला सांगितलं. काटा तीन, चार, पाच, सहा करत सातपर्यंत चढला, मग ड्रॅग खाडकन सुटला आणि काटा तीनवर आला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. मी हाताने ओढून "बरोबर आहे" म्हणायचो तो ड्रॅग सुटल्यानंतरचा तीन किलोचा होता. माशाला मात्र पहिल्या झटक्यात सात किलोचं कुलूप भेटायचं, आणि गाठीत तर दोरीची ताकद आणखी कमी होते.

कारण लाजिरवाणं आहे. खाडीवरून आलो की रीळ ड्रॅग आवळलेल्या स्थितीत माळ्यावर. पुढची फेरी दोन महिन्यांनी. तोवर आतले वॉशर दाबून एकमेकांना चिकटलेले, त्यात खाऱ्या पाण्याचं मीठ सुकलेलं. गंगापूरला हे कधी जाणवलं नाही, कारण तिथे मीठ नाही आणि मरळ दोरी घेऊन पळतही नाही. शिवाय परतताना गाडीसोबत रीळही जेटच्या पाण्याने धुऊन घ्यायची आमची हुशारी. जोराच्या पाण्याने मीठ बाहेर येत नाही, आत जातं.

उघडलं, वॉशर पुसले, आणि उत्साहात कारखान्यातलं बेअरिंगचं ग्रीस थापलं. दुसरी चूक. आठ दिवस लोण्यासारखा चालला, मग कधी घसरे, कधी अडके. कार्बनच्या वॉशरला ड्रॅगसाठीचंच ग्रीस लागतं, तेही पातळ थरात. ते लावल्यावर काटा चारला सुटतो आणि चारलाच राहतो. सुटतानाचा आणि चालतानाचा आकडा जवळजवळ सारखा हवा, बाकी रिळाची किंमत किती हे माशाला कळत नाही.

आकडा किती ठेवायचा? दोरीच्या ताकदीच्या चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा. ३० पौंडांच्या ब्रेडला साडेतीन ते साडेचार किलो. हे काट्यावर लावा, अंदाजाने नाही. माझा अंदाज दरवेळी दीड किलोने चुकायचा. आणखी एक गोष्ट, जी यंत्रावर काम करणाऱ्याला लगेच पटेल: मासा बरीच दोरी घेऊन गेला की चकरीवरच्या दोरीचा व्यास कमी होतो आणि त्याच ड्रॅगचा ताण वाढतो. व्यास निम्मा झाला तर ताण दुप्पट. म्हणून लांब पळालेल्या माशावर घाबरून ड्रॅग आवळू नका.

परत आल्यावर: ड्रॅग बोटाने बंद करा, नळाच्या मंद धारेखाली किंवा ओल्या फडक्याने गोड्या पाण्याने मीठ काढा, सावलीत वाळवा, मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. दुसऱ्या दिवशी नाही. त्याच रात्री, कितीही वाजले तरी.

झटका

मरळीच्या टाळूला हाड असतं, तिथे झटका लागतो. खाडीत जिवंत कोळंबीला मी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ, लावतो आणि झटका अजिबात देत नाही: दोरी चालायला लागली की नुसतं रीळ फिरवायचं, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. हे वाचायला सोपं आहे. हात ऐकत नाहीत. मी पहिले दोन मासे यातच घालवले. लूर असेल तर आधी रिळाने ताण घ्या, मग रॉड आडवा खेचा.

जिताड्याने उडी मारली की रॉडचं टोक त्याच्याकडे खाली न्या, क्षणभर ढील द्या, तो पाण्यात पडला की पुन्हा ताण. इथे मेहुणा आम्हा सगळ्यांना भारी पडतो, कारण ढील आणि खेच त्याच्या मनगटातच आहे. तांबला मात्र ढील नाही. पहिले तीन सेकंद रॉड आडवा धरून त्याला बिळापासून बाजूला वळवायचं, दोरी तुटली तर तुटली.

कुठे आणि कधी

आम्ही भर भरतीला पोचायचो, कारण तेव्हा खाडी भरलेली, सुंदर दिसते. पण भरतीला तिवरात पाणी असतं, बोयटं आणि कोळंबी आत, आणि जिताडाही त्यांच्या मागे आत. तिथे लागला तरी मुळांतून काढणं अशक्य. सुकती (ओहोटी) लागली की हे सगळं खाणं लहान ओहोळांतून मोठ्या खाडीत उतरतं आणि जिताडा ओहोळाच्या तोंडाशी, प्रवाहाच्या कडेला वाट बघत थांबतो. ती जागा आपली. तोंडाच्या उघड्या बाजूला उभे राहा, म्हणजे ओढाल तेव्हा मासा कालवांपासून दूर येईल. आम्ही वर्षभर खडपावर उभे राहून मासा खडपाकडेच ओढत होतो.

वेळेसाठी जुना हिशोब: तिथीची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसातली दुसरी भरती साडेबारा तासांच्या आसपास पुढे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात वैतरणेला इतका ओढ असतो की आमिष तळाला टिकत नाही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटीला, पाणी सुस्त. माझी पसंती चतुर्थी-पंचमी. तीनच्या सुमारास भरती, मग सुकती, आणि सूर्य मावळताना पाणी अर्धं उतरलेलं. जिताड्याला तो काळोख चढतानाचा तास आवडतो. नाशिकहून सकाळी जेवणाचा डबा घेऊन निघालं तरी वेळेत पोचता येतं. भरतीत चिखलावर पाठीमागून पाणी चढतं, त्यामुळे एकट्याने जाऊ नका आणि परतीची वाट आधी बघून ठेवा. तिवराची फांदी मध्ये येते म्हणून तोडू नका. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे.

एक गंमत सांगायची राहिली. ज्या वैतरणेसाठी आपण चार तास जातो ती उगम पावते त्र्यंबकजवळ, घराच्या उंबऱ्याशी. जिताडा खाऱ्या पाण्यात, खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो आणि पिल्लं गोड्या पाण्याकडे वर सरकतात, पण वाटेत मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा अशा भिंती आहेत, त्यामुळे तो आपल्याकडे येणार नाही, आपल्यालाच जावं लागणार. दुसरं म्हणजे जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मीटरभराचा जिताडा म्हणजे जवळजवळ नक्की मादी. खाण्यासाठी तीन-चार किलोचा पुरतो. त्याहून फार मोठा आला तर फोटो काढून सोडा. आमच्यात यावर अजून भांडण होतं, मेहुणा ऐकत नाही.

गेल्या कार्तिकात, वद्य चतुर्थीला, काटा चार किलोवर लावून गेलो. पावणेसातला ओहोळाच्या तोंडाशी "टप्" झालं. झटका दिला नाही. तीन उड्या, दोन लांब धावा, बारा मिनिटं, आणि कपड्यात धरून वर घेतला तेव्हा साडेचार किलो. लीडर वीतभर खरखरीत, जसा असायला हवा तसा. तो कापून नवा बांधला आणि लगेच धक्क्याजवळ टाकला. वहीतली त्यानंतरची नोंद अशी: साफ काप, एक खाच, वर गुळगुळीत, तीन सेकंद. तांब. धक्क्याचा डावा खांब, सलग तिसऱ्यांदा.